तूर्त

पडावच्या पुलाजवळ, जानेवारीच्या धुक्यात,
गाडी दिसायच्या आधी वास आला.
गोडसर. पाकात पाणी जास्त झाल्यासारखा.
इंगळे बाई म्हणाल्या, ड्रायव्हर शपथेवर सांगतो
की गाडीत गजक ठेवलेली नाही.

शहाऐंशीची मर्सिडीज, डिझेल.
आठवड्याला बोटभर कूलंट कमी होतं,
खाली फरशीवर मात्र थेंब नाही.
काच आतून चिकट, पुसावी तितकी मेणचट.
डाव्या पायाखालचा गालिचा ओला.
झाशी रोडच्या शोरूमनं हेड गॅस्केट सांगितलं होतं
आणि एक आकडा, जो बाईंनी उच्चारला नाही,
कागदावर लिहून दाखवला.

मी ऑइलची कांडी ओढली. दुधाळ नाही.
सायलेन्सरपाशी नाक नेलं. काळं आहे, गोड नाही.
मग कूलंटच्या टाकीवर हातपंप बसवला,
दाब भरला आणि बसलो.
या धंद्यातलं निम्मं काम बसणं आहे.
पोऱ्याला ते पटत नाही, तो पाने पुसत राहतो.

चहा आला, गार झाला.
काटा केसभर उतरला.
टॉर्च दातात धरून इंजिनामागं डोकं घातलं,
जिथं दोन नळ्या पत्र्यातून केबिनमध्ये शिरतात.
वरच्या नळीच्या गळ्याशी
एक हिरवा मणी
फुगला, थांबला,
आणि पत्र्याच्या भोकातून आत घरंगळला.

रबर दोन तऱ्हांनी म्हातारं होतं:
एक कडक होऊन तडकतं,
एक मऊ पडून कशालाही हो म्हणतं.
ही नळी पोटात मऊ, टोकाला कडक.
आणि टोकाला क्लिप नव्हतीच. तार होती.
तीन पिळे, कापलेलं टोक आत वळवलेलं,
पुढच्या माणसाच्या बोटात घुसू नये म्हणून.

असा पीळ लष्करात एकच माणूस द्यायचा.
नळी इंचभर आखूड होती. फाटलेलं तोंड छाटून
अण्णांनी उरलेली ओढून बसवलेली,
तेव्हापासून ती ताणलेलीच.

मी विचारलं, हीटर लावता ना?
"छे रे. तुझे वडील म्हणाले होते,
तूर्त लावू नका, दिल्लीहून नळी आली की कळवतो."
कधी?
बाईंनी बोटांवर मोजलं, बोटं पुरली नाहीत.
एकोणीस हिवाळे. गुडघ्यांवर घोंगडी,
पायात दोन-दोन मोजे.
अण्णा त्याच फाल्गुनात गेले.
तूर्त म्हणणारा गेला, तूर्त राहिलं.

नळी यायला अकरा दिवस लागले.
जुनी पिळून काढायची नसते,
आतल्या हीटरची पितळी मान मोडते.
ब्लेडनं लांबीत चिरली, शेंगेसारखी सोलली.
आत लाल गाळ, चहाच्या किटलीत बसतो तसा.
तार भंगारात टाकली.
मग उचलली.
मग पुन्हा टाकली.

नवी दोन्ही बसवल्या, वाकणाला जरा ढील ठेवून.
निम्मं कूलंट, निम्मं पाणी.
झाकण उघडं, इंजिन चालू, हीटर पूर्ण,
आणि नळ्या हातानं दाबत हवा काढत राहिलो,
बाळाची ढेकर काढतात तसं,
शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत.
बिलात मजुरी पूर्ण लावली.
अण्णांनीही लावलीच असती.

बाईसाहेब, लावा आता.
त्यांना खटका सापडेना. मी दाखवला.
आधी आली एकोणीस वर्षांची धूळ, त्या शिंकल्या.
मग ऊब.
काच खालून उजळत आली, दोन अर्ध्या चंद्रांत.
त्यांनी चपला काढल्या, मग मोजे, दोन्ही जोड,
पाय पुढं केले.

ड्रायव्हरनं विचारलं, कुठं घेऊ?
कुठं नाही, म्हणाल्या.
"डिझेल जळतंय, बाईसाहेब."
त्यांना ऐकू गेलं असावं.
मी शटरपाशी उभा, पोऱ्या पाने पुसतोय,
आणि बाहेर पुलावर धुकं तसंच.